डक्टमधला फुत्कार : रात्रीच्या एका आवाजाची ओळख पटवताना

मुंबईचे मुलुंड हे उपनगर दोन रानांच्या मध्ये वसलेले आहे. रेल्वेमार्गाच्या पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर वस्तीपर्यंत उतरत येतात आणि पूर्वेला मिठागरे व खारफुटी ओलांडली की ठाण्याची खाडी लागते. त्यामुळे रात्री खिडकी उघडी ठेवून झोपणाऱ्या माणसाच्या कानावर येथे वाहनांखेरीजही पुष्कळ काही पडत असते. टिटवी मध्यरात्री उगाच उठून ओरडते, रातबगळे खाडीकडे जाताना डोक्यावरून ‘क्वॉक’ असा एकच तुटक शब्द टाकून जातात, खारफुटीतील कोल्ह्यांची सामुदायिक कोल्हेकुई वारा अनुकूल असला तर अगदी स्पष्ट ऐकू येते आणि चैत्र लागला की कोकीळ पहाटे चारपासूनच सुरू होतो. हे आवाज जुन्या रहिवाशांच्या परिचयाचे आहेत. त्यांना कोणी दचकत नाही.

हिवाळ्याच्या तोंडाशी आमच्या इमारतीच्या मागच्या डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उंच, अरुंद पोकळीतून, जो आवाज येऊ लागला, तो मात्र या ओळखीच्या यादीत कोठेच बसत नव्हता. तो ओरडण्याचा आवाज नव्हता आणि किंचाळण्याचाही नव्हता. ‘श्श्श्श्’ असा कोरडा, खरखरीत फुत्कार दीडदोन सेकंद चालायचा, थोडा वेळ थांबायचा आणि पुन्हा तसाच उमटायचा. दिवे लागल्यानंतर काही वेळाने त्याची सुरुवात व्हायची आणि मधल्या छोट्या विश्रांती सोडल्या तर तो पहाटेपर्यंत चालू राहायचा. दिवसा पूर्ण शांतता असे. न्हाणीघराच्या खिडक्या या डक्टमध्ये उघडत असल्यामुळे प्रत्येक मजल्यावरील लोकांना तो आपल्याच खिडकीबाहेर आहे असे वाटत होते. कोणी गॅसची नळी गळत असल्याची शंका घेतली, आणि तिची तपासणी करून घेणे योग्यच होते. त्यात काही दोष आढळला नाही. त्यानंतर मात्र सर्वांचे एकमत झाले की डक्टमध्ये साप आहे, आणि तोही घोणस.

घोणशीचे नाव निघण्याला आधार होता. घोणस चिडली की ती ज्या जोराने फुत्कारते तो कुकरची वाफ सुटल्यासारखा मोठा आणि दीर्घ आवाज असतो आणि ज्याने तो एकदा ऐकला आहे तो विसरत नाही. पण घोणस फुत्कारते ती धोका जाणवल्यावर, समोरच्याला दूर ठेवण्यासाठी. कोणीही जवळ नसताना, ठरावीक वेळेला सुरुवात करून, रात्रभर ठरावीक अंतराने फुत्कारत राहण्याचे तिला काहीच कारण नाही. शिवाय ती जमिनीवर वावरणारी आहे. उंच मजल्यांच्या मध्ये असलेल्या सिमेंटच्या कठड्यावर ती आठवडेच्या आठवडे राहील हे संभवत नाही. आम्ही बोलावलेल्या सर्पमित्रांनी तळमजल्याची जागा आणि पाइपांच्या मागची फट नीट पाहिली आणि साप नसल्याचे सांगितले. तरीही शंका पूर्णपणे गेली नाही, कारण आवाज चालूच होता आणि त्याला दुसरे नाव मिळालेले नव्हते.

अनोळखी आवाजाच्या बाबतीत आपण नेहमी हेच करतो असे माझे निरीक्षण आहे. तो कशासारखा वाटतो एवढेच आपण विचारतो आणि स्मरणातील सर्वांत भीतिदायक उत्तर उचलतो. त्याऐवजी तो कधी सुरू होतो, कोठून येतो, एकाच जागेवरून येतो की सरकतो, त्याला लय आहे का, त्यात एक गळा आहे की अनेक, आणि त्याच्या आधी व नंतर काय घडते, या गोष्टींची नोंद केली तर प्राण्याचे नाव बरेचदा आपोआप पुढे येते. मी एका जुन्या वहीत वेळ लिहायला सुरुवात केली आणि फोनवर आवाज मुद्रित केला. पक्ष्यांचे आवाज ओळखणाऱ्या ॲपने माझ्या ध्वनिमुद्रणावर कोणतेच नाव दिले नाही. पण त्याच ॲपमध्ये आवाजाचे जे चित्र पडद्यावर उमटते, त्याने मला पुष्कळ सांगितले. कोकिळेसारख्या किंवा पिंगळ्यासारख्या पक्ष्याचा स्वर या चित्रात बारीक, वळणदार रेषांच्या रूपाने दिसतो. येथे रेषाच नव्हत्या. प्रत्येक फुत्काराच्या जागी वरपासून खालपर्यंत पसरलेला धूसर पट्टा होता. आणि हे पट्टे सारखे नव्हते. काही लांब होते, काही आखूड. काही गडद, काही फिके. ते एकमेकांवर क्वचितच पडत होते. म्हणजे डक्टमध्ये एकच प्राणी नव्हता, आणि जे कोणी होते ते आळीपाळीने बोलत होते.

बाकीची नावे मग एकेक करून गळाली. बिबट्याचा आवाज श्वास आत घेताना आणि बाहेर सोडताना अशा दोन्ही वेळा उमटणारा खोल, लयबद्ध ध्वनी असतो, तो एका जागी रात्रभर चालत नाही आणि डक्टमध्ये तर नाहीच. उदमांजर छतावर आणि पाइपांवरून फिरते खरे, पण ते बव्हंशी गप्प राहते आणि त्याच्या वावराची खूण म्हणजे पावलांची धडपड. वटवाघळे फळांनी लगडलेल्या झाडावर भांडतात, तो कलकलाट वेगळा. पिंगळे जोडीने चिरक्या सुरात बोलतात, पण त्यांचे बोलणे चढउतारांनी भरलेले असते आणि ते संध्याकाळी व पहाटे अधिक ऐकू येते.

निर्णायक गोष्ट वहीतील वेळांमधून दिसली. अधूनमधून फुत्कार एकाएकी वाढत, सगळे गळे एकदम उठत, काही क्षण चिरचिर असा वेगळाच गोंगाट होई आणि त्यानंतर थोडा वेळ सगळे शांत. मग पुन्हा एकेकाने सुरुवात. कोणीतरी येत होते, काहीतरी देत होते आणि निघून जात होते; आणि येणाऱ्याच्या येण्याचा मात्र कसलाच आवाज नव्हता. सकाळी डक्टच्या तळाशी, जेथे सफाईसाठी महिन्यातून एखाद्या वेळीच कोणी जाते, तेथे भिंतीवर पांढरे ओघळ आणि खाली अंगठ्याएवढ्या काळपट गोळ्या पडलेल्या सापडल्या. त्यांतील एक मी पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवली. आत करड्या केसांच्या लगद्यात उंदराची कवटी, पिवळसर दात आणि चिचुंद्रीचा लांबट जबडा होता. ही विष्ठा नव्हे. घुबड भक्ष्य अख्खे गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची गोळी करून तोंडावाटे बाहेर टाकते. त्यानंतर गच्चीवर उभे राहून पाहणे एवढेच उरले होते, आणि अंधार पडल्यावर रस्त्याच्या दिव्याच्या उजेडातून पोटाकडून पांढराशुभ्र दिसणारा एक पक्षी पंखांचा जराही आवाज न करता डक्टच्या तोंडाशी येऊन आत उतरला.

तो गव्हाणी घुबड होता आणि फुत्कारत होती ती त्याची पिल्ले.

गव्हाणी घुबडाविषयी आपल्याकडे जेवढे बोलले जाते त्याच्या मानाने त्याचा आवाज फारच थोड्या लोकांना माहीत आहे. घुबड म्हटले की आपण घुमणारा ‘हू-हू’ गृहीत धरतो, पण हा पक्षी घुमतच नाही. बहुतेक घुबडे एका कुळातील आहेत आणि गव्हाणी घुबड दुसऱ्याच कुळातील. बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा, काळे डोळे, लांब पाय ही त्याची ठेवण आणि त्याचबरोबर त्याचा गळाही वेगळा. प्रौढ पक्षी उडता उडता कर्कश, लांबलचक चीत्कार करतो आणि पिल्ले फुत्कारतात किंवा घोरल्यासारखा आवाज काढतात. जुन्या वाड्यांचे माळे, किल्ल्यांच्या भिंतीतील पोकळ्या, देवळांची शिखरे, विहिरींचे कोनाडे, वडाच्या ढोल्या या त्याच्या परंपरागत जागा. काटक्या जमवून घरटे बांधण्याच्या भानगडीत तो पडत नाही; अंधारी, कोरडी, उंच आणि माणसाच्या हाताला सहजी न लागणारी सपाट जागा मिळाली की त्याला पुरते. उपनगरांतील वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींनी त्याच्या ढोल्या नेल्या आणि डक्टचे कठडे दिले. खाली कचऱ्याच्या कुंड्यांभोवती उंदीर आणि घुशी आहेतच.

मादी एका वेळी साधारण चार ते सात अंडी घालते, पण ती एकाच दिवशी नाही; दोनतीन दिवसांच्या अंतराने एकेक. पहिल्या अंड्यापासूनच ती उबवायला बसते, त्यामुळे सुमारे महिन्याभराने पिल्लेही त्याच अंतराने बाहेर येतात आणि एकाच घरट्यात मोठे, मधले आणि अगदी धाकटे अशी पायऱ्यापायऱ्यांची भावंडे असतात. ती उडण्याजोगी व्हायला साधारण आठ ते नऊ आठवडे लागतात. या सबंध काळात आईबाप रात्रभर फेऱ्या घालत असतात आणि दर फेरीला बहुधा एकच उंदीर आणतात. पिल्ले थोडी मोठी झाली की हा उंदीर अख्खा एकाच्या तोंडात जातो. तो कोणाच्या तोंडात जाणार, हा त्या घरट्यातील रात्रभराचा प्रश्न असतो.

येथेच मला या साऱ्या शोधातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाचायला मिळाली. स्वित्झर्लंडमधील जीवशास्त्रज्ञ अलेक्झांडर रूलँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हाणी घुबडांच्या घरट्यांमध्ये ध्वनिमुद्रणे करून २००० मध्ये दाखवून दिले की पिल्ले आईबाप घरट्यात नसतानाही फुत्कारत राहतात आणि हे फुत्कार आईबापांसाठी नसून एकमेकांसाठी असतात. ज्याला जास्त भूक लागली आहे ते पिल्लू अधिक वेळा आणि अधिक लांब हाक देते. ज्यांची भूक त्या मानाने कमी आहे ती भावंडे ते ऐकून गप्प होतात आणि पुढच्या उंदरापुरती माघार घेतात. उंदीर येईपर्यंत कोणी पुढे व्हायचे हे पुष्कळसे ठरलेले असते, त्यामुळे तो आल्यावर होणारी झोंबाझोंबी कमी होते आणि तिच्यात खर्च होणारी शक्ती वाचते. पुढील अभ्यासांत असेही दिसले की पिल्ले एकमेकांच्या आवाजावर आवाज न चढवता पाळी सांभाळून बोलतात आणि काही वेळा मोठी पिल्ले आपल्या वाट्याचे भक्ष्य धाकट्यांना देऊन टाकतात. माझ्या फोनच्या पडद्यावर जे लांब-आखूड, एकमेकांना टाळणारे पट्टे उमटले होते, त्यांचा अर्थ हा होता. ज्या आवाजाला आम्ही सापाचा राग समजत होतो ती भावंडांची बोलणी होती. हे कळल्यानंतर तो आवाज मला पूर्वीसारखा ऐकताच आला नाही. कोण भुकेले आहे आणि कोण गप्प झाले आहे याकडेच लक्ष जाऊ लागले.

आवाज नेमका कोणत्या मजल्यावरून येतो हे आम्हा कोणालाच सांगता येत नव्हते, आणि यालाही कारण आहे. माणसाचे दोन्ही कान एकाच उंचीवर असल्यामुळे आवाज डावीकडून आला की उजवीकडून हे आपल्याला चटकन कळते, पण वरून आला की खालून हे मुख्यतः कानाच्या पाळीच्या वळणांवर सोपवलेले असते आणि डक्टसारख्या चारी भिंतींनी प्रतिध्वनी देणाऱ्या जागेत तो अंदाज कोलमडतो. गव्हाणी घुबडाचा एक कान दुसऱ्यापेक्षा थोडा वर असतो. दोन कानांपर्यंत आवाज पोहोचण्याच्या वेळेतील सूक्ष्म फरकावरून त्याला आडवी दिशा कळते आणि दोन कानांना जाणवणाऱ्या तीव्रतेच्या फरकावरून उभी. संपूर्ण अंधारात केवळ ऐकून तो उंदीर पकडू शकतो हे प्रयोगाने सिद्ध केले ते रॉजर पेन यांनी, कॉर्नेल विद्यापीठात. पुढे कुबडपाठी देवमाशांच्या गाण्यांच्या अभ्यासामुळे जगभर माहीत झालेले पेन ते हेच. देवमाशांच्या आधी त्यांनी घुबडाच्या ऐकण्याचा अभ्यास केला होता. त्यानंतर मासाकाझू कोनिशी आणि एरिक नड्सन या मेंदूवैज्ञानिकांनी १९७८ मध्ये या घुबडाच्या मेंदूत आवाजांच्या दिशांचा अक्षरशः नकाशा असल्याचे दाखवले. ज्या पक्ष्याच्या कानांवर मेंदूविज्ञानाचे एक प्रकरण उभे आहे, तो आमच्या न्हाणीघराच्या खिडकीबाहेर पिल्ले वाढवत होता याचा मला खरोखर अभिमान वाटला आणि मी तो सोसायटीच्या सभेत बोलूनही दाखवला.

सभा सोपी नव्हती. सापाची भीती गेली, पण घुबडाची आली. ‘घुबड घरावर बसणे चांगले नाही’ हे ज्येष्ठांनी काळजीपोटीच सांगितले आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ज्या लक्ष्मीची आपण दिवाळीत पूजा करतो तिचे वाहन पुराणांत घुबडच मानले आहे, एवढे मी नम्रपणे म्हटले आणि तिसऱ्या मजल्यावरील आजींनी ते उचलून धरले. पण या समजुतींचे जे टोक आहे त्याविषयी स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते. देशात जादूटोण्यासाठी घुबडे पकडली व विकली जातात आणि दिवाळीच्या सुमारास ही मागणी वाढते, हे ‘ट्रॅफिक’ या वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने २०१० मध्येच अहवालाद्वारे मांडले आहे. डक्टमध्ये घुबडाची पिल्ले आहेत ही बातमी म्हणूनच आम्ही इमारतीबाहेर जाऊ दिली नाही, कोणीही छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकले नाही आणि मी येथेही इमारतीची ओळख देत नाही. दुसऱ्या बाजूने पाहायचे तर पुण्याजवळ पुरंदर तालुक्यातील पिंगोरी या गावी इला फाउंडेशन या निसर्गसंवर्धन संस्थेने २०१८ पासून उलूक उत्सव सुरू केला आणि गावकऱ्यांसह शाळेतील मुलांना घुबडांच्या जवळ आणले. भीती घालवायला व्याख्यानापेक्षा चित्रे, नाच आणि गोष्टी अधिक उपयोगी पडतात हे तेथे दिसले आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगण्यासारखी आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार घुबडांना संरक्षण आहे आणि त्यांची अंडी वा पिल्ले हलवणे, घरटे मोडणे हा गुन्हा आहे. त्यामुळे ‘पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावून काढून टाकू’ हा पर्याय उपलब्धच नव्हता. सेक्रेटरींनी समंजसपणे डक्टमधील पाइपांचे काम पिल्ले उडून जाईपर्यंत पुढे ढकलले. त्याहून महत्त्वाचा निर्णय उंदरांच्या विषाचा होता. आवारात ठेवल्या जाणाऱ्या ब्रोमाडायोलोनसारख्या विषाने उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो गुंगीत, संथपणे उघड्यावर हिंडतो आणि घुबडाला सर्वांत सोपा मिळतो तो नेमका हाच उंदीर. विष मग आईबापांच्या आणि पिल्लांच्या पोटात जाते. आम्ही विष बंद केले, पिंजरे ठेवले आणि कुंड्यांची झाकणे नीट बसवून घेतली. मलेशियात पाम तेलाच्या मळ्यांमध्ये उंदीर आटोक्यात ठेवण्यासाठी गव्हाणी घुबडांना राहायला मुद्दाम लाकडी पेट्या बसवतात. आमच्याकडे ती व्यवस्था निसर्गाने कोणी न सांगता करून दिली होती आणि तिच्यावर विष घालणे निव्वळ अविचाराचे ठरले असते.

झोपमोड होते ही तक्रार मात्र खरी होती आणि तिला मी कमी लेखत नाही. चौथ्या मजल्यावर तान्हे बाळ आहे, एका घरी आजारी माणूस आहे. न्हाणीघराचे दार आणि खिडकी रात्री बंद ठेवल्याने आवाज बराच कमी झाला, आणि हे आठदहा आठवड्यांत संपणार आहे हे कळल्यावर सहन करण्याची ताकदही वाढली. ज्यांना पुन्हा हा अनुभव नको असेल त्यांनी पिल्ले उडाल्यानंतर, आत कोणी नसल्याची खात्री करून, डक्टचे तोंड घट्ट व बारीक जाळीने बंद करावे. सैल नायलॉनची जाळी लावू नये, कारण तिच्यात पाय अडकून पक्षी लोंबकळत मरतात. शक्य असेल तर त्याच वेळी गच्चीच्या एखाद्या शांत कोपऱ्यात लाकडी पेटी बसवावी, म्हणजे पक्ष्यांना जागा मिळते आणि खिडक्यांपासून आवाज दूर जातो. आमच्या कमिटीने जाळी आणि पेटी अशा दोन्हींना मान्यता दिली आहे.

पिल्ले घरट्याबाहेर पडली तरी फुत्कार लगेच थांबत नाही. काही आठवडे ती जवळच्या झाडांवर बसून आईबापांकडे खाणे मागत राहतात, त्यामुळे डक्टमधील आवाज बंद होऊन तोच आवाज मागच्या पर्जन्यवृक्षातून येऊ लागतो आणि शेजारच्या इमारतीतील लोकांना नव्याने कोडे पडते. आमच्याकडे तसेच झाले आणि तेथील दोन रहिवासी चौकशीला आले, तेव्हा त्यांना ध्वनिमुद्रण ऐकवून आणि जतन केलेली कवटी दाखवून सारे समजावता आले. अशा वेळी एखादे पिल्लू उडण्याच्या प्रयत्नात खाली पडलेले आढळले तर त्याला पाणी पाजू नये, दूध तर मुळीच देऊ नये. हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. ते जखमी नसेल आणि जवळपास कुत्री-मांजरे नसतील, तर पुष्कळदा त्याला अंधार पडताच उंच कठड्यावर किंवा फांदीवर ठेवणे एवढेच पुरते, कारण त्याच्या हाकेवरून आईबाप त्याला शोधून काढतात.